शून्य गुणांची गोष्ट

कैरीच्या फोडी धुवट फडक्यानं पुसता पुसता, मान वर न करता आईनं विचारलं, "तुझ्या नानांचं ते पुस्तक वाचायचं तर सुरुवात कुठून करतात गं?" आणि कामिनीच्या मांडीवर निजलेल्या ऋतिकाची मूठ एकदम उघडली. ती आपसूकच उघडली असणार. साडेतीन महिन्यांच्या पोरीला काय कळतंय. पण कामिनीला वाटलं, दचकलो आपण आणि ते पोरीच्या हातातून बाहेर पडलं. बाळंतपणापासून असं व्हायला लागलं होतं. आपलं अंग कुठं संपतं आणि पोरीचं कुठं सुरू होतं ती रेघ पुसट झाली होती. जळगावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मे महिन्याची दुपार एरवीसारखीच चालली होती. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, खालून जाणारा एखादाच ट्रॅक्टर. काही हललं नव्हतं. पण ज्या बाईनं नानांच्या हयातीत तीस वर्षं त्या पुस्तकाला बोट लावलं नव्हतं, ती आज त्याची सुरुवात विचारत होती. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये असताना औष्णिक वीज केंद्राची राख दिवसातून दोनदा पुसावी लागे. खिडकीची चौकट, देवांचे फोटो, शिवणयंत्र, रेडिओ, मिठाच्या बरणीचं झाकण, सगळं आईच्या फडक्याखालून जाई. पुस्तकाच्या फळीवर मात्र फडकं त्या एका पुस्तकापाशी येऊन वळसा घेई, आणि पुस्तकावर करड्या राखेची साय धरे. मग नाना, कामिनीचे वडील, कधीतरी फुंकर मारत.

"कुठलं पुस्तक?" कामिनीनं उगाच विचारलं. वेळ काढायला.

"तेच," आई म्हणाली. "राक्षसांचं."

पुस्तक इंग्रजी होतं, जाडजूड, मुखपृष्ठ कधीच गळून गेलेलं. नानांनी त्याला कारखान्यातल्या जुन्या नकाशाच्या निळ्या कागदाचं कव्हर घातलं होतं. भुसावळ स्टेशनवरच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून त्यांनी ते घेतलं तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. आठ गोष्टी. भुताखेताच्या म्हणाव्यात तर भूत एकातही नाही. माणसाच्या आधी कितीतरी युगं इथं कुणीतरी होतं, आणि माणसानंतरही असेल, आणि आपण मधल्यामध्ये दिवा लावून बसलोय हे त्याला ठाऊकही नाही, अशा तऱ्हेच्या. दीपनगरला कंट्रोल रूममध्ये छत्तीस वर्षं काढलेला प्रेमराज नावाचा माणूस, कामिनीचे नाना, या आठ गोष्टी आयुष्यभर फिरून फिरून वाचत राहिला. निवृत्तीनंतर भुसावळला बांधलेल्या घराच्या ओट्यावर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, उन्हाला पाठ देऊन बसल्या बसल्या गेला. ऋतिका जन्मायच्या दोन महिने आधी. बाळंतपणाला माहेरी जायचं, तर इथं माहेरच पिशवी घेऊन लेकीकडे आलं. त्या पिशवीत डिंक होता, अळीव होते, नानांच्या जुन्या धोतराची मऊ दुपटी होती, आणि तळाशी निळ्या कव्हरात ते पुस्तक. आईनं ते काढून दिलं नव्हतं. कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. कामिनीला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे आईला ठाऊक होतं.

खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कामिनीइतकं तयार अख्ख्या खानदेशात कुणापाशी नसेल. ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागल्यावर तिनं पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक गट चालवला होता, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत फोनवरच एक लांबलचक टिपण लिहून टाकलं होतं: कॉस्मिक हॉरर वाचायला सुरुवात कुठून करावी. ते कुठल्या कुठं फिरलं. अजूनही अनोळखी पोरं तिला मेसेज करत, ताई, पहिली कोणती घेऊ. तिनं लिहिलं होतं की राक्षस शोधत जाऊ नका, राक्षस ही या गोष्टींतली सगळ्यात किरकोळ बाब. आधी अशी गोष्ट घ्या जिच्यात एखादा मोजमाप करणारा माणूस आहे, दीपगृहवाला, भूमापक, हवामान टिपणारा. त्याची मोजणी चुकू लागते तिथं भीती सुरू होते. दिवसाउजेडी वाचा, एका वेळी एकच. भीती त्या वस्तूची नसते, मापाची असते. असं सगळं. आणि शेवटी तिनं नानांच्या पुस्तकातल्या आठ गोष्टींचा क्रम दिला होता, कारण तिला शिकवलं होतं ते त्याच पुस्तकानं. अनुक्रमणिकेच्या पानावर, गोष्टींच्या नावांपुढं जिथं टिंबांची ओळ संपून पानांचे आकडे सुरू होतात तिथं समासात, नानांनी पेन्सिलीनं प्रत्येक गोष्टीला गुण दिले होते. पाचपैकी. पहिलीला तीन पॉइंट चार, दुसरीला तीन पॉइंट सहा, मग तीन पॉइंट आठ, चौथीला पूर्ण चार; तिथून उतरण, तीन पॉइंट चार, दोन पॉइंट आठ, एक पॉइंट सहा, आणि शेवटच्या गोष्टीला शून्य. लहानपणी चोरून ते पान पाहताना कामिनीला त्या शून्याची कीव आली होती. वर्गात एखाद्या पोराला भोपळा मिळावा तशी ती गोष्ट पुस्तकाच्या टोकाला कोपऱ्यात उभी होती. नाना मोजूनमापून बोलणारे, तेव्हा त्यांनी शून्य दिलं म्हणजे दिलं. कामिनीनं ती गोष्ट कधी वाचलीच नाही. आणि टिपणात लिहून टाकलं: पुस्तकाच्याच क्रमानं वाचा, उत्तरार्धात पुस्तक पडतं, शेवटची सोडलीत तरी चालेल.

पण ते टिपण लिहिणारी बाई वेगळी होती. तिला टाळू माहीत नव्हती. माणसाच्या डोक्यावर एक जागा बोटभर उघडी असते आणि तिथं कातडीखाली काहीतरी उडत असतं, हे तिनं कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. ऋतिकाला पहिल्यांदा न्हाऊ घालताना आईनं तेलाचं बोट तिथं टेकवून "इथं जपून हो" म्हटलं, तेव्हा कामिनीनं पोरीच्या डोक्यावर आपला तळवा आडवा धरला. इतक्या मोठ्या आकाशाखाली इतकं उघडं. ज्या अफाटाच्या गोष्टी तिनं चवीनं वाचल्या, चवीनं दुसऱ्यांना सुचवल्या, ते अफाट आता पुस्तकात राहिलं नव्हतं; ते कूलरच्या जाळीतून, गॅलरीच्या दारातून, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेतून आत बघत होतं. बघतही नव्हतं. तेच तर होतं. ते बघत नव्हतं. पोर दूध ओढताना मध्येच थांबून श्वास घेई, तेवढ्या दोन ठोक्यांत कामिनी कुठल्या कुठं जाऊन येई. तिनं नवऱ्याला, भूपेंद्रला, एकदा सांगून पाहिलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि डॉक्टरांना विचारू या का, असं म्हणाला. तो चांगला माणूस होता. पाइपच्या कारखान्यातून दमून येई आणि पोरीला छातीवर घेऊन छताच्या पंख्याकडे बघत पडून राही. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

तेव्हा आईला काय सांगायचं. नवरा जाऊन सहा महिने झालेली बाई. रोज आंघोळ झाली की देव्हाऱ्यापुढं बसून पुटपुटणारी. श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट कधी न चुकवलेली. तिला हाताला धरून कुठल्या दारातून आत न्यायचं, जिथं आत कुणीच नाही, आणि होतं तेही आपल्यासाठी नाही? कामिनी म्हणाली की आई, इंग्रजी आहे ते. आई म्हणाली, तू आहेस ना. कामिनी म्हणाली, फार भलतंसलतं आहे त्यात, बाळंतिणीच्या घरात कशाला. आई हसली नाही, पण ओठाचा कोपरा हलला. "तीस वर्षं माझ्या घरात होतं ते," ती म्हणाली. "तूही तिथंच वाढलीस." आणि कैऱ्यांना हळद-मीठ लावायला घेतलं.

चार-पाच दिवस असेच गेले. आईनं पुन्हा विचारलं नाही, पण पुस्तक साड्यांखालून निघून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आलं. येताजाता दिसे. मग एका दुपारी ऋतिकाला पाळण्यात घालून कामिनी नुसतीच बसली होती, तर आई येऊन शेजारी बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात तिनं ती जुनी गोष्ट काढली. कामिनीला ती तुकड्यातुकड्यांत ठाऊक होती; सलग अशी आज ऐकली. कामिनी तेव्हा दीड वर्षाची होती. अशीच दुपार, ताप चढत चाललेला. नाना दुपारपाळीला गेलेले. वीज बनवणारं एक युनिट तसंच कुरबुरत होतं, बदलीचा माणूस मिळत नव्हता. कॉलनीतला कारखान्याचा फोन शेजारच्या कुंदाबाईंच्या क्वार्टरमध्ये होता, कारण त्यांचे यजमान दुरुस्ती खात्यात. आई दर तासाला पोरीला खांद्यावर टाकून तिथं जाई, थर्मामीटर उजेडाकडे धरून बघे आणि कंट्रोल रूमला फोन लावून ताप सांगे. पलीकडून नाना नुसतं "हं" म्हणत आणि फोन ठेवत. आठ वेळा फोन, आठ वेळा हं. नाना पाळी संपल्यावरच आले. ते एक वेळ चाललं असतं, नोकरी आहे, वीज कुणासाठी थांबत नाही. पण दोन दिवसांनी झुलालभाऊ, नानांच्या पाळीतला मदतनीस, चहाला आला आणि बोलता बोलता कौतुकानं म्हणाला, वहिनी, साहेबांचं डोकं भारी थंड, इकडं युनिट बोंबलतंय आणि साहेब मांडीवर पुस्तक उघडून बसलेले. निळ्या कव्हराचं.

"मी त्यांना कधी विचारलं नाही," आई म्हणाली. "म्हटलं, काय विचारायचं. दिसलंच की." मग ती पाळण्याची दोरी ओढू लागली. तीस वर्षं कॉलनीत बोललेली तिची नीटस मराठी हळूहळू बाजूला सरली आणि खालून सोनगीरचं माहेर, तिथली बोली, वर आलं. ते फार आतलं बोलताना येई. "माले ते राक्षस नही दखना, माय. तुना नाना त्या दिवशी तठे काय दखेत, तेच माले दखनं शे. पोर जळी राहिनी आणि मानूस पुस्तक वाचस. असं काय शे त्याम्हा?"

म्हणजे हे होतं. राग नव्हता तो, राग केव्हाच निवून त्याची राख झाली असणार. पण तिच्या संसारात एक दुपार अशी होती जिच्यात नवरा तिला सोडून कुठंतरी गेला होता, आणि आता तो कायमचा गेल्यावर तिला ती जागा पाहायची होती. कारण आता गेला तो तिथंच गेला असेल, तर? कामिनीला कळलं की आपण जे काही वाचून दाखवू ते आईच्या मनात नानांचं शेवटचं रूप होऊन बसेल. चांगलं रूप द्यावं. तिनं ठरवलं, सौम्यातली सौम्य घ्यावी, वाचलेल्यांत नानांनी सगळ्यात कमी गुण दिलेली. एक पॉइंट सहा. सातवी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती तोंडी मराठीत सांगितली, पानावर बोट ठेवून. एक भूमापक एका पठाराची मोजणी करायला जातो. साखळी टाकतो, आकडा लिहितो. पुन्हा टाकतो, आकडा वेगळा. दर वेळी पठार थोडं रुंद. शेवटी त्याच्या ध्यानात येतं की आपण ज्यावर उभे आहोत ते पठार नाही, कुणाची तरी पाठ आहे, आणि ते झोपेत श्वास घेतंय. इथवर आई अगदी कान देऊन ऐकत होती. साखळी कशी असते, मग त्यानं वरच्या साहेबाला का नाही कळवलं, तिथं गाव होतं का, असं मधूनमधून विचारतही होती. गाव होतं. पुस्तकात ते कुशीवर वळतं आणि गाव राहत नाही. आणि वळताना त्याला काही जाणवलंसुद्धा नाही, एवढंच वाक्य शेवटी आहे. कामिनीनं बोट पुढं सरकवलं आणि म्हणाली, मग त्याला गावातल्या बाळांचं रडणं ऐकू आलं, आणि ते तसंच न वळता पडून राहिलं. संपली.

आईनं पानाकडे पाहिलं. मग कामिनीकडे. "हाई तू बदली टाकं," ती म्हणाली.

कामिनी म्हणाली, नाही गं.

"ऋतिकाला औषध पाजताना गोड आहे गोड आहे म्हणतेस, तो आवाज काढलास." आई उठली. रागावली नव्हती. दुखावली होती, आणि तेही तिनं दाखवलं नाही. फक्त गॅसवरचं दूध उतू जायच्या कितीतरी आधीच बंद केलं. कामिनी पुस्तक मिटून बसली. तिला लाज वाटत होती ती खोटं बोलल्याची नव्हे. आईला आपण लहान धरलं, पाळण्यातली धरलं. आणि त्याहून खोल, आपण ते वाक्य म्हणूच शकलो नाही. टिपणात हेच वाक्य तिनं नमुना म्हणून दिलं होतं, पाहा कसं थंडगार लिहिलंय म्हणून. आता ते तोंडातून बाहेर पडलं तर पाळण्यापर्यंत पोचेल असं तिला वाटलं होतं. एवढी शिकलेली बाई.

त्या आठवड्यात ऋतिकाची साडेतीन महिन्यांची लस होती. सकाळी दिली, दुपारी जेवणं होईतो पोरीचं अंग कोमट व्हायला लागलं. येतोच असा ताप, नर्सनं सांगितलं होतं, औषधही लिहून दिलं होतं. सगळं ठाऊक असून कामिनीचं चित्त थाऱ्यावर राहीना. आईनं ओल्या फडक्याची घडी केली, पोरीला उपड्या हातानं चाचपलं, थर्मामीटर काखेत धरून ठेवला. "एक पॉइंट दोन," तिनं सांगितलं. कामिनीनं औषधाच्या कागदामागं तसंच लिहिलं. त्यांच्या घरात ताप असाच सांगत; शाळेत असतानाही कामिनीला कधी दोन होता, कधी एक. दुसऱ्या घरांत एकशे एक, एकशे दोन म्हणतात हे तिला लग्नानंतर कळलं, आणि भूपेंद्र तेव्हा खूप हसला होता. आई तासाभरानं म्हणाली, एक पॉइंट आठ. कामिनीनं लिहिलं. पोर कण्हत होती, रडतही नव्हती नीट. टाळू जोरानं उडत होती. कामिनीनं हाताला काहीतरी हवं म्हणून कोनाड्यातलं पुस्तक घेतलं आणि मांडीवर उघडलं. वाचायला नव्हे. पान कोणतं तेही तिनं पाहिलं नाही. तिला फक्त डोळे ठेवायला एक जागा हवी होती जी तापत नव्हती. आणि मांडीवर पुस्तक, कानावर पोरीचं कण्हणं, असं बसल्या बसल्या तिच्या मनात काहीतरी फिरलं, नीट ओळखू आलं नाही, एखादं नाव जिभेवर येऊन परत जावं तसं.

आई समोर उभी होती, थर्मामीटर हातात धरून. तिची नजर कामिनीच्या मांडीवर खिळली होती. अनुक्रमणिकेचं पान उघडं होतं.

"ते काय लिहिलंय," आईनं विचारलं, "कडेला?"

"नानांनी गुण दिलेत गोष्टींना," कामिनी म्हणाली. "पाचपैकी."

आई वाकली. इंग्रजी अक्षर तिला येत नव्हतं, आकडे येत होते. छत्तीस वर्षं विजेच्या खात्यातल्या माणसाबरोबर काढलेली, आकडे कसे येणार नाहीत. तिनं पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली आणलं, ओटीचे तांदूळ निवडताना येतं तसं. तीन पॉइंट चार. तीन पॉइंट सहा. तीन पॉइंट आठ. चारवर बोट थांबलं, आणि तिथून उतरताना तिचे ओठ आकड्याच्या आधीच हलू लागले. तीन पॉइंट चार ती न वाचता म्हणाली. दोन पॉइंट आठ न वाचता. एक पॉइंट सहा. मग ती खाली जमिनीवरच बसली.

"गुण कशाचे," ती म्हणाली. "हाऊ तुना ताप शे."

कूलर घरघरत होता. कामिनीला आधी काहीच समजलं नाही, आणि मग एकदम सगळं समजलं, इतकं की त्यात जागाच उरली नाही. गोष्टींची नावं एकाखाली एक, नावापासून उजव्या कडेपर्यंत टिंबांची ओळ, ओळीच्या टोकाला मोकळी जागा: ते अनुक्रमणिकेचं पान नव्हतंच नानांना. ते लॉगशीट होतं. आठ ओळी, आठ तास. कंट्रोल रूममध्ये माणूस दर तासाला आकडा लिहितो. कारखान्याच्या कागदावर घरचा आकडा लिहिता येत नाही. पाळीत जवळ दुसरा कागद नव्हता, पुस्तक होतं. आणि जो आकडा बदलतच नाही तो ते कधी लिहीत नसत. फक्त आकडा सांग, शंभर धरलेलंच आहे, असं त्यांनी फोनवर पहिल्यांदा म्हटलं ते त्याच दुपारी, पहिल्या हं-च्या आधी, तेवढंच, आई सांगत होती, आवाज खाली ओढून, कारण पोर नुकतीच डोळे मिटत होती. फोनच्या तारेवर आणखी चारजण आपापले आकडे ओरडत असायचे, शंभर म्हणायला वेळ कुठं होता. तेव्हापासून घरात शंभर कुणी म्हटलं नाही. "मी म्हणायचे चार, आणि ते म्हणायचे हं. मला वाटायचं, पानावरची नजरसुद्धा काढत नाहीत." तिनं पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली सोडला. "लिहीत होते ना गं. हं म्हणून लिहीत होते. बठ्ठा ताप लिखी ठेवा व्हता त्यास्नी."

शेवटची ओळ, शेवटचा आकडा. शून्य. शंभरावर उतरला. त्या शून्याखाली पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, कामिनीनं ती हजारदा पाहिली असेल. पाळी संपल्यावर नोंदींखाली मारतात तशी. तिनं त्या शून्याला नापास समजून आयुष्य काढलं होतं. कुठल्या कुठल्या गावांतल्या, कधी न पाहिलेल्या पोरांना सांगितलं होतं की शेवटची सोडलीत तरी चालेल. नानांना कुठली गोष्ट आवडे, कुठली नाही, आता कधीच कळणार नव्हतं. त्यांनी एकाही गोष्टीला गुण दिला नव्हता. ते पुस्तक त्यांना थोर वाटे की नुसतंच घट्ट वाटे, हातात धरायला, त्या आठ तासांनंतर? म्हणून का ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा उघडत? वाचायला, की ते पान पाहायला? कंट्रोल रूमच्या काचेपलीकडं धगधगणारी ती भट्टी, युनिट ट्रिप होऊन बंद पडलं की आभाळ फाटल्यासारखा सुटणारा वाफेचा आवाज, धुराडी, त्यांच्यावरचं रिकामं आकाश, यांतल्या कशालाच एका क्वार्टरमधल्या पोरीचा ताप ठाऊक नव्हता. एका माणसाला ठाऊक होता. तो उठून जाऊ शकत नव्हता. त्यानं पेन्सिल घेतली होती.

आई उठली. थर्मामीटर झटकायची तिला सवय, नव्या थर्मामीटरला झटकावं लागत नाही तरी तिनं झटकला, आणि ऋतिकाच्या काखेत धरला. तो बीप-बीप वाजला. "एक पॉइंट चार," ती म्हणाली. उतरायला लागला होता. कामिनीनं औषधाचा कागद शोधला. तो ओल्या फडक्याखाली सापडला, शाई फुटलेली. मग तिनं पुस्तक पुढं ओढलं. अनुक्रमणिकेच्या त्या पानावर आता जागा नव्हती, म्हणून पान उलटून मागं, कोऱ्या बाजूला, तिनं मघाचे दोन आकडे आठवून लिहिले आणि खाली तिसरा. शंभर लिहिलं नाही. अक्षर बरं आलं. आईनं ते पाहिलं. मग तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं पदराच्या टोकानं ते निळं कव्हर पुसलं. वरची कड, खालची कड, पाठ. दीपनगरची राख अजून घडीत होती. पदरावर करडा पट्टा उमटला. तिनं तो झटकला नाही.

"आता कुठून सुरू करायचं ते मला कळलं," ती म्हणाली. "शून्यावाली घे. आणि बदलू नको."

कामिनीनं शेवटची गोष्ट उघडली. ही तिनंही वाचलेली नव्हती; पुढच्या पानावर काय आहे हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळण्याशेजारी आई भिंतीला टेकून बसली, एक हात पोरीच्या पोटावर, पाय लांब केलेले, कानबाईची गाणी ऐकायला बसे तशी. कामिनी पहिलं वाक्य मनात एकदा वाचून गेली. ते वाईट होतं. त्यात कुठंही हात धरायला जागा नव्हती. तिनं ऋतिकाकडे पाहिलं, टाळूकडे पाहिलं, आणि जसं होतं तसं, एक शब्द न गाळता सांगितलं.

"आपण इथं आहोत हे ताऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते विचारलेलं नव्हतं."

आईनं पोरीच्या पोटावरचा हात किंचित दाबला.

"हं," ती म्हणाली.